तान्हूबाईची सनई आणि चालता डोंगर

घेतलीत का पांघरुणं? हं. मग ऐका. डोंगरांना पाय होते ना, तेव्हा एक राजा राज्य करत होता. मकरंदसेन त्याचं नाव. त्याच्या गावात तान्हूबाई सनई वाजवायची. रोज सकाळी देवळाच्या ओट्यावर बसून वाजवायची, आणि मग गाव उठायचं. इतकी गोड वाजवायची की चरणाऱ्या गाई माना वर करून उभ्या राहायच्या.

एकदा काय झालं, राजवाड्यात मुंज निघाली. राजानं तान्हूबाईला बोलावणं धाडलं. ती हात जोडून म्हणाली, "महाराज, त्याच दिवशी धोंडू परटाच्या लेकीचं लग्न आहे. तिला मी आधी शब्द दिलाय."

झालं! राजा असा चिडला म्हणता! ती परटाच्या मांडवात वाजवून आली, आणि राजानं दवंडी पिटवली: या गावात सनई वाजवायची नाही. मग तान्हूबाईनं सनई फडक्यात गुंडाळली आणि फडताळात ठेवून दिली.

मग आठ दिवस गेले. नवव्या दिवशी गावाबाहेरचा डोंगर उठला आणि एक पाऊल पुढं आला. खरंच, बरं का! सगळं कुरण त्याच्याखाली गेलं. दहाव्या दिवशी दुसरं पाऊल. आमराई गेली. आता तिसरं पाऊल म्हणजे गावच! लोकांनी गाठोडी बांधली, कोंबड्या टोपल्यांखाली कोंडल्या. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना कुठं न्यायचं? बाळंतिणींना कुठं न्यायचं? बायका रडायला लागल्या.

प्रधान म्हणाला, "महाराज, सापसुद्धा सुरांनी डुलतो. डोंगराला गाणं ऐकवून बघू."

मग दरबारचे मोठे बुवा गेले. त्यांनी असा आवाज लावला की डोंगराचे धोंडे गडगडले. बुवा पागोटं तिथंच टाकून पळाले.

मग बीनकार गेले. छान वाजवत होते हो. पण एक खडा बीनेच्या भोपळ्यावर टण्णकन पडला. बीन छातीशी धरून तेही पळाले.

आणि डोंगरानं पाय उचलला!

तेवढ्यात गर्दीतून तान्हूबाई फडक्यातली सनई घेऊन पुढं आली. राजाकडं बघून म्हणाली, "महाराज, आज हुकूम मोडते. शिक्षा मागाहून द्या."

ती थेट त्या उचललेल्या पायाखाली जाऊन उभी राहिली, आणि तिनं सनई ओठाला लावली. वरून माती पडत होती. खडे पडत होते. एक कपाळाला लागला, रक्त आलं. पण सूर काही तुटला नाही. मग डोंगराचा पाय तसाच थांबला. मग हळूच मागं गेला. मग डोंगर बोलला. आवाज केवढा, आणि बोलणं मात्र लहान मुलासारखं.

"रोज सकाळी ऐकू यायचं. मग येईनासं झालं. म्हटलं, मीच लांब असेन. म्हणून जवळ यायला निघालो. का गं बंद केलंस?"

तान्हूबाईनं राजाकडं बोट दाखवलं असतं तर? लोक खवळलेच होते. पण ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडून खाडा झाला. आता नाही होणार."

तेव्हा राजालाच राहवलं नाही. तो घोड्यावरून उतरून मातीतून पुढं आला. सगळ्यांदेखत म्हणाला, "हिचा खाडा नाही. दोष माझा. मीच हिचं वाजवणं बंद केलं. बाई, मला माफ करा." आणि आपला शेला फाडून त्यानं तिच्या कपाळाला पट्टी बांधली.

मग तान्हूबाई वाजवत पुढं, आणि डोंगर तिच्यामागून आपल्या जागी. एक पाऊल, दोन पावलं, आणि बसला बाई खाली! आमराई जरा आडवी झाली होती, पण मुळं शाबूत होती.

हुश्श! सगळ्या गावानं एकदम श्वास सोडला. मग गाठोडी सुटली, कोंबड्या अंगणभर धावल्या, चुली पेटल्या. दमलेल्या पोरांना आयांनी गरम गरम भात भरवला. सगळी सुखात राहिली हो, राजा, तान्हूबाई आणि डोंगरसुद्धा. आता मिटा बघू डोळे. झोपा.