दम्याचा काढा कुणी द्यायचा

"तिच्याच हातचा काढा का, बाबा? माझ्या हाताला काय झालंय?"

केवलनाथ नुसता धुमसत होता. मारवाडच्या वाळूत हीरनाथबाबांची मठी. तिथं बारा वर्षं त्यानं सोमाच्या काड्या तोडल्या. हे झुडूप बघायला जाल तर पान म्हणून दिसायचं नाही, नुसत्या हिरव्या कांड्या. पण त्यांच्या काढ्यानं दमेकऱ्याची छाती मोकळी होते.

आणि बाबा म्हणाले होते, उद्यापासून काढा जमनी देईल.

जमनी म्हणजे मेंढरं राखणारी विधवा बाई. मठीत येऊन चार महिनेही झाले नव्हते.

"तिला एक मंत्र धड येत नाही."

"नाही येत."

"काड्या मी तोडतो, मी उकळतो. दमेकरी उठून बसतात ते माझ्या काढ्यानं!"

"बसतात खरे."

"मग तिच्यात असं काय आहे?"

"ती कधी काढा पाजते तेव्हा शेजारी बसून राहते."

"बसायला काय अक्कल लागते? मेंढरांमागं जन्मभर बसलीच आहे की!"

बाबा हसले. हसता हसता थांबले…

"आज सकाळी माझ्या दम्याला काढा कुणी दिला?"

"मीच की."

"इकडे ये."

बाबांनी त्याचा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला.

केवलचं तोंड उतरलं. फासात सापडलेल्या तित्तिरासारखं आत काळीज फडफडत होतं.

"बाबा! हे कधीपासून?"

"सकाळपासून. काढा जरा कडक झाला."

"ओठ सुकलेत तुमचे… बोटं थरथरतायत. मी समोरच होतो, बाबा. मला दिसलं कसं नाही?"

"वाटी माझ्या तोंडाशी होती. डोळे तुझे जमनीच्या चुलीकडे."

 केवलनं छातीवरून हात काढला नाही. ठोके मोजायला गेला, मोजता येईनात.

मग मान खाली घालून म्हणाला, "जमनीला हाक मारू का? मला यातलं कळत नाही. तिला कळतं."

बाबांनी डोळे मिटले.

"मार हाक. आणि उद्यापासून काढा तूच देत जा."