मोगऱ्याची शेजारीण

अत्तराच्या बाटल्या आपसांत बोलत असत, त्या काळची गोष्ट. कपाटात मोगऱ्याशेजारी प्रयोगशाळेतून आलेली बाटली बसली आणि मोगऱ्याचा जीव थाऱ्यावर राहीना.

"तुझं गाव कुठलं, झाड कुठलं?"

"झाड नाही. मला माणसांनी काचेच्या नळीत घडवलं."

"मग मला शिवू नकोस!"

पण अत्तरवाल्या कासमचाचांनी दोघांचे थेंब मिसळून एक फाया उजव्या कानात खोचला. नुसत्या मोगऱ्याचा डाव्या कानात. मोगरा बाटलीत सकाळभर धुमसत राहिला.

संध्याकाळी चाचांनी डावा फाया हुंगला. "हा तर उडाला." मग उजवा हुंगला. "वा! मोगरा अजून दरवळतोय."

मोगऱ्याने चाचरत विचारलं, "आणि तुझा वास?"

"माझा फारसा नाहीच," शेजारीण म्हणाली. "मी दिवसभर तुला धरून बसले होते."