हिरोची आई

"...म्हणजे आता मी त्याची आई व्हायचं, मास्तर?"

लवू मास्तर दाढी करत होते. वस्तरा वरच्या ओठावर होता आणि तिथं असताना बोललं की रक्त निघतं.

मास्तर बहात्तर वर्षांचे. दशावतारी नाटकात पन्नास वर्षं ते राण्या आणि राजकन्या करत आले. त्यांच्या कंपनीत लुगडं पुरुषच नेसतो. त्यामुळे मास्तरांनी जन्मात मिशी ठेवली नाही.

विचारणारी कालिंदी राऊळ, त्यांच्याच वाडीची. पंधराव्या वर्षी रंगमंचावर चालायचं कसं, हे ती मास्तरांकडे शिकली. बाईनं बाईसारखं चालायला बाप्याकडे शिकावं, म्हणून तेव्हा गाव पोट धरून हसला. पुढं ती नाटकात गेली, नाटकातून सिनेमात, सिनेमातून मालिकेत, आणि गाव तिच्याबरोबर फोटो काढून घ्यायला लागला. गाव असाच असतो.

मास्तरांनी तोंडावर पाणी मारलं.

"कोणाची आवस?"

"सिनेमातल्या हिरोची. पंधरा वर्षांपूर्वी मी त्याची हिरॉईन होते. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे."

"मगे?"

"परवा सही करायचीय. नाही केली तर पुन्हा बोलावणार नाहीत. केली तर जन्मभर आईच."

"मालिकेत काय करतंस?"

"सासू होते. गेल्या महिन्यात मारलं मला. भिंतीवर फोटो, फोटोला हार. आता काम फोटोच करतो."

"आणि नाटक?"

"नाटकवाले म्हणतात, आधी एखादा सिनेमा येऊ दे, मग जाहिरातीत नाव लावतो."

मास्तर गालाला तुरटी लावत राहिले...

कालिंदीला रडू आलं. रडता रडता तिचा डावा गाल आपोआप उजेडाकडे वळला.

"तो गाल कोणाक दाखवतंस गो?"

तिनं चेहरा झटकन परत फिरवला.

"हय कॅमेरो नाय. समोर बघून रड."

ती समोर बघून रडली. बरंच रडली. नाकही वाहिलं, ते तिनं पदरालाच पुसलं. मग तिला संताप आला, आणि तो खरा होता.

"तीस वर्षं काम केलंय मी. अंगात ताप असताना एका दिवसात तीन प्रयोग केलेत. घोड्यावरून पडले, तर प्लास्टर शालीखाली लपवून शॉट दिलाय. आणि त्या दिग्दर्शकाला माझ्यात काय दिसलं? मानेवरच्या सुरकुत्या. वय दिसतं म्हणाला."

"किती झाला वय?"

"अठ्ठेचाळीस."

मास्तरांनी मान डोलावली. घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, कंपनीचा पेटारा उघडा पडला होता. ते त्यात हिरवं लुगडं घडी घालून ठेवू लागले. संध्याकाळी त्यांना शेजारच्या गावच्या जत्रेला निघायचं होतं.

"आज तुमचं काम काय?" तिनं विचारलं. रागातच विचारलं.

"राजकन्या. सोळा वर्सांची. लगीन जमूक नाय अजून."

तिला हसू फुटलं. मास्तर मात्र हसले नाहीत.

"आणि लोक काही म्हणत नाहीत?"

मास्तर उठले. उठताना गुडघा कटकन वाजला. खांद्यावरचा पंचा त्यांनी डोक्यावरून घेतला, टोक दातांत धरलं आणि ते खळ्यातून तुळशीकडे चालत गेले. बारा-तेरा पावलं असतील. मध्येच कोणीतरी हाक मारल्यासारखे थबकले, अर्धं वळून बघितलं, आणि लाजून पुढं निघाले.

कालिंदी कधी उभी राहिली, तिचं तिला कळलं नाही. सेटवर रोज नव्या मुली येत, तिनं शेकड्यांनी पाहिल्या होत्या. इतकी कोवळी एकही नव्हती.

मास्तर परत येऊन पायरीवर टेकले आणि गुडघ्याला तेल चोळू लागले. पुन्हा बहात्तर वर्षांचे.

"कोणाला विचारून होता तुम्ही सोळा वर्षांचे?"

"इचारूक गेलंय नाय कधी. म्हणान जमता."

...

"मग मी सही करू नको?"

"सही कर."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"इतकं सगळं सांगितल्यावर? मास्तर, तुम्हीसुद्धा त्यांच्याच बाजूचे. म्हणजे निमूटपणे आईच व्हायचं मी."

मास्तरांनी पेटाऱ्याचं झाकण लावलं आणि त्यावर बसले.

"आवशीचा काम कित्याक घेतंस? बापाशीचा माग."