भुजंगराव पंगतीला बसतात

“गेम असा पाहिजे,” भुजंगराव टेबलावर हात आपटत म्हणाले, “की साऱ्या मुलखात कुणाला जिंकता येऊ नये. आणि मी बसलो की पहिल्याच फेरीत जिंकलो पाहिजे!”

“वा, वा!” मॅनेजर वागळे म्हणाले. साहेब शिंकले तरी ते वा वा म्हणत.

केतकी लोहार मात्र बघतच राहिली. मिरजेत एका खोलीत तिचा नि दस्तगीरचा गेम बनवायचा स्टुडिओ. ती चित्रं नि प्रोग्रॅम करायची, तो संगीत द्यायचा. आणि भुजंगराव म्हणजे गजराज कंपनीचे मालक! घरोघरी टीव्हीला जोडलेला गजराज कन्सोल यांचाच, आणि त्यावर कुठला गेम लागायचा हे ठरवणारेही हेच. छोट्या स्टुडिओनं रुसून जायचं म्हटलं, तरी जायचं कुठं?

“चोरून ठेवलेलं बटण चालणार नाही हां!” भुजंगराव म्हणाले. “माझं नाव टाकलं की उघडतो, असलंही काही नको. सगळ्यांना तोच गेम, तेच नियम. दिवाळीच्या समारंभात भर सभेत खेळणार आहे मी!”

“आणि नाही जमलं तर?” केतकीनं विचारलं.

“तर साळू आमची! करारात आहे तसं.”

साळू म्हणजे केतकीनं काढलेली इवलीशी साळिंदर, तिच्या प्रत्येक गेमची नायिका. तिचं पोरच म्हणा ना! आणि गजराजच्या हाती तिचे काय हाल होणार, ते केतकीला चांगलं ठाऊक होतं. मागे कंपनीची सूचना आली, “काटे काढा, मुलांना टोचतील.” काटे काढले. मग सूचना आली, “हा उंदीर कशाला दाखवलाय?”

ती मिरजेला आली तेव्हा दस्तगीर हार्मोनियमवर डोकं टेकून बसला होता. अट ऐकून तो उखडलाच.

“डोकं फिरलंय त्यांचं! जो गेम कुणालाच जमत नाही, तो या माणसाला कसा जमेल? त्यांना धड रिमोट धरता येत नाही!”

“जाऊ दे. नवं गाणं केलंयस ना, ते तरी पाठव त्यांना,” केतकी म्हणाली.

दस्तगीरनं गाणं पाठवायला घेतलं. मिरजेचं इंटरनेट ते! फाईल अजून निम्मीही गेली नव्हती, तोच भुजंगरावांचं उत्तर येऊन थडकलं, “मजा नाही. पुन्हा करा.”

“अरे, ऐकलं कधी यांनी?” दस्तगीर ओरडला.

केतकी टाळी वाजवून हसायला लागली. “सापडलं रे! असा गेम देते की बघतच राहशील!”

दिवाळीला गजराजच्या सभागृहात गर्दी उसळली. भल्या मोठ्या पडद्यावर गेम उघडला. नाव ‘पंगत’. खेळणारा पाटावर राजा होऊन बसायचा. साळू झाकलेली ताटं घेऊन यायची. बटणं दोनच, एक ‘वाढा’ आणि दुसरं ‘परत न्या’.

“कंपनीतल्या सगळ्या टेस्टरांनी खेळून झालाय, साहेब,” वागळे म्हणाले. “एकालाही जिंकता आलं नाही!”

“का रे?” भुजंगरावांनी खूश होऊन एका टेस्टरला विचारलं.

“पक्वान्नं वाढून घेतली तर गेम संपतच नाही, साहेब. आणि ताटं परत पाठवावीत, तर साळू रडायला लागते. हात जोडून म्हणते, एकदा झाकण तरी उघडा! मग हात उचलत नाही हो...”

“मऊ आहात लेको! आणा इकडे!”

भुजंगराव बसले. पहिलं ताट आलं. “परत न्या!” दुसरं आलं. “परत!” तिसऱ्याला साळूचे डोळे भरले. भुजंगराव तोवर मोबाईलमध्ये बघत होते. “परत! परत!” साळूनं हात जोडले, पदर पसरला, जमिनीवर लोळण घेतली. सभागृहात बायाबापड्यांनी डोळे पुसले. भुजंगरावांचा अंगठा काही थांबेना. शेवटी साळूनं पळी खाली ठेवली, कमरेत वाकली, आणि पडद्यावर अक्षरं झळकली, ‘जिंकलात, महाराज!’

“वा, वा!” वागळे ओरडले.

“पहिल्याच फेरीत!” भुजंगराव छाती फुगवून उठले. आणि मग एकदम थबकले. “पण... मी केलं काय?”

वागळे गालिच्याची नक्षी बघू लागले.

“मी सांगते,” केतकी पुढे झाली. “एकही झाकण न उघडता तुम्ही सगळं परत पाठवलंत. शेवटच्या ताटापर्यंत! साऱ्या मुलखात हे दुसऱ्या कुणालाच जमत नाही, साहेब.”

भुजंगराव लालबुंद झाले. “पोरी, भर सभेत माझी थट्टा करतेस?”

“छे! तुम्ही सांगितलंत तसाच गेम केलाय. बटण लपवलं नाही, नियम बदलला नाही. तरी आवडला नसेल, तर द्या परत पाठवून!”

“पर...” भुजंगरावांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं! परत पाठवावा, तर पोरीचं म्हणणं सगळ्यांसमोर खरं. ठेवून घ्यावा, तर साळू गेली हातची. त्यांनी केतकीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि पोट धरून असे काही हसले की खुर्ची करकरली.

“जिंकलीस, बाई! साळू तुमचीच. आणि तुमचा पुढचा गेम मी शेवटपर्यंत खेळल्याशिवाय एक अक्षर सूचना पाठवली, तर नाव बदलीन! वागळे, घ्या लिहून!”

वागळ्यांनी तिथल्या तिथे लिहून फाईल पुढे केली. भुजंगरावांनी हसत हसत पेन काढलं आणि मिटलेल्या फाईलवरच सही ठोकायला घेतली.

“अहो साहेब,” सगळी सभा एका आवाजात ओरडली, “उघडा तरी!”