वेशीबाहेरचा राजा

एका राज्यात सूर्य रोज उगवायचा, पण उजाडायचं म्हणून नाही. भर दुपारीही घराघरांत समया लावाव्या लागत, आणि आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तशी माणसं हळू बोलत. राजाचं नाव धवलकीर्ती. नावासारखाच होता बिचारा. कुणावर रागवायचा नाही, कुणाचा हेवा करायचा नाही, कशाला भ्यायचा नाही. इतका चांगला माणूस घरात असला की घरच्यांना मोकळा श्वास घेता येत नाही, पण हे राजाला सांगणार कोण?

हा चांगुलपणा जन्माचा नव्हता, बरं का. त्या राज्याची रीतच तशी होती. अभिषेकाआधी राजमांत्रिक राजाचा उतारा काढी. सुपात दहीभात, त्यावर काळे उडीद आणि लिंबू. मंत्र म्हणत ते सूप ओवाळलं की राजाच्या मनात जे काही काळं असेल ते भातात उतरे. मग राजाने स्वतः ते सूप वेशीबाहेर, माळावरच्या एकुलत्या वडाखाली ठेवायचं आणि मागे वळून न पाहता परत यायचं. आधीच्या राजांनी हे एकेकदाच केलं. धवलकीर्ती स्वतःच्या बाबतीत फार कठोर. त्याला आपल्यात सारखा नवा डाग दिसे, आणि दर अमावास्येला तो भस्मपाद मांत्रिकाकडून नवा उतारा काढवून घेई.

इकडे त्याची मुलगी मंजिष्ठा पायापासून दगड होत चालली होती. आधी पावलं गेली, मग गुडघे, मग कंबर. आई नसलेली पोर, मंचकाला टेकून उभी असे. राजाला वाटलं, आपल्यातलंच काही पाप उरलं आहे, तेच लेकीला बाधतं आहे. त्याने उतारे वाढवले. प्रत्येक उताऱ्यासरशी दगड वर चढे, आणि राजा म्हणे, बघा, अजून उरलंच आहे. प्रधानाने एकदा शंका काढली, तर भस्मपादाने त्याला नजरेनेच गप्प केलं.

दगड गळ्याशी आला तेव्हा मांत्रिकाने शेवटचा आणि सर्वांत मोठा उतारा काढला. अमावास्येच्या भर दुपारी राजा सूप घेऊन माळावर गेला, वडाखाली ते ठेवून परत फिरला. तोच एक टिटवी पायांत आडवी आली आणि बोलू लागली.

"राजा, हे टाकून गेलास तर उद्या तुझी लेक बोलायची नाही."

राजाने हात जोडून उपाय विचारला.

"कामं तीन. मागे वळून पाहा. जो दिसेल त्याच्यासोबत या सुपातलं जेव. मग दिवस मावळायच्या आत त्याला महाद्वारातून घरी ने."

"तिन्ही गोष्टी आमच्या राज्यात निषिद्ध आहेत."

"म्हणून तर कुणी केल्या नाहीत," टिटवी म्हणाली आणि माळावरच्या आपल्या अंड्यांवर जाऊन बसली.

राजाने मागे वळून पाहिलं. वडाखाली तो स्वतःच बसला होता. तेच नाक, तीच हनुवटी, पण अंगावर मांस नाही, नखं वाढलेली, ओंजळीत शिळा भात. राजाला त्याची किळस आली आणि त्याचा हात तलवारीकडे गेला. समोरच्याने डोक्यावर हात धरले, मार खायची सवय असल्यासारखे. ते पाहून राजाचा हात आपोआप खाली आला.

"तू कोण?" राजाने विचारलं, तरी त्याला कळलं होतं.

"तू टाकलेलं सगळं. राज्य धाकट्या सुमेधला द्यावं असं वडील म्हणाले, तेव्हा तो मरावा असं तुझ्या मनात आलं. पुढे तो तापाने गेला. पहिल्या सुपात तेच होतं."

हे राजाने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. "मी मारलं त्याला," तो म्हणाला.

"एक कुंभारीण तुझ्या दरबारात आली होती. जावेचं वाईट चिंतलं आणि जाऊ मेली म्हणून रडत होती. तू सिंहासनावरून उतरून तिच्याशेजारी बसलास. म्हणालास, बाई, मनात आलं म्हणून माणूस मरत नाही. तुला दुखलं होतं, म्हणून तसं मनात आलं. मी वेशीला कान लावून ऐकत होतो. वाटलं, आता तू येशील आणि मलाही हेच सांगशील."

राजा मातीत बसला. त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही. मग दोघे एका सुपातून जेवले. पहिला घास विषासारखा कडू होता. दुसराही कडूच होता. राजाने तिसरा त्याला भरवला आणि म्हणाला, "तुला दुखलं होतं."

दिवस कलताना राजा त्याचा हात धरून निघाला. तो जड होता, पावलोपावली अडखळत होता. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. राजाला भयंकर लाज वाटली, पण त्याने हात सोडला नाही. महाद्वारात भस्मपाद आडवा आला.

"महाराज, हा आत आला तर राज्य बुडेल."

"बुडालं तर आम्ही दोघे मिळून सावरू. तुझंही कुणीतरी बाहेर बसलं असेल, भस्मपाद. जाऊन बघ."

मांत्रिकाने मंत्र म्हणायला हात उचलला, तोच त्याची नजर माळाकडे गेली. तो वाट सोडून माळाकडे चालू लागला. राजा उंबरठा ओलांडून आत आला आणि नगरातल्या समया एकेक करून फिक्या पडल्या, कारण बाहेर ऊन पडलं होतं.

मंजिष्ठाने दोघांना पाहिलं. फक्त तिचे ओठ हलत होते. "बाबा, हे कोण?"

"हाही तुझा बाबाच. याला राग येतो, हेवा वाटतो, भीतीही वाटते. मी याला फार दिवस उपाशी ठेवलं."

"मग आज ते माझ्याजवळ बसतील का?"

तिने असं विचारताच गळ्याचा दगड मऊ झाला, मग खांदे, मग हात. तिने हात पुढे केला तेव्हा समोर एकच माणूस उरला होता, दमलेला, धुळीने माखलेला. तिच्या डाव्या पायाची करंगळी मात्र दगडाचीच राहिली. बापाला फार उशीर झाला होता, त्याला इलाज नाही.

उतारा काढायची रीत त्या दिवसापासून बंद झाली. राजा पुढे कधीकधी चिडायचा, आणि चिडलो होतो असं सांगायचाही.

पहिल्याच दरबारात मंजिष्ठा लंगडत त्याच्याशेजारी येऊन बसली आणि तिने विचारलं, सुमेधकाका कसे होते? ते नाव त्या महालात कुणी घेत नसे.

"माझ्याहून सरस होता," राजा म्हणाला. "मला त्याचा फार हेवा वाटायचा. आणि तो मला फार आवडायचा."