नक्कल कोणाची?

विदुला तांडेल वर्गात कधी मोठ्याने बोलत नाही. सहामाहीच्या विज्ञानाच्या पेपरात तिचं आणि प्रणीतचं एक उत्तर शब्दशः सारखं निघालं. प्रणीत संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा, त्यामुळे कॉपी कोणी केली हे सबनीस सरांनी नीट न वाचताच ठरवलं. त्यांनी दोघांना वर्गासमोर उभं केलं.

"तांडेल, तुला शून्य! अगं, नक्कल करताना थोडी तरी अक्कल वापरायची!"

विदुलाचे कान लाल झाले. टेबलावरच्या दोन्ही पेपरांकडे बघत ती हळूच म्हणाली, "सर, उत्तरात तेच तर लिहिलंय. पेशीत डीएनएची प्रत निघते तेव्हा अर्थ कोणी बघत नाही. समोर येईल त्या अक्षराला त्याची जोडी लावली जाते. नजरेतून सुटलेली चूकही नव्या प्रतीत तशीच उतरते."

"मला शिकवतेस?"

"नाही सर. फक्त प्रणीतच्या उत्तराची शेवटची ओळ वाचा ना."

सरांनी मोठ्याने वाचलं, "पुढील भाग पुरवणीत पाहावा."

"माझी पुरवणी जोडलेली आहे, सर. त्याची कुठे आहे?"

सरांनी प्रणीतचा पेपर दोनदा उलटसुलट केला. मग त्यांनी विदुलाचं शून्य खोडलं.