वाकळीच्या पोटातला शर्ट

"मग कमी काय आहे हिच्यात, अक्का?"

मंजिरीने तिसऱ्यांदा विचारलं. आधी दोनदा बाळाक्का गप्प राहिली होती. आताही ती खाली वाकळीकडेच बघत राहिली.

ओसरीवर वाकळ अंथरलेली होती. मंजिरी तिला क्विल्ट म्हणायची. राखाडी, निळे, मातकट तुकडे, त्यांच्यावर बारीक धावदोऱ्याच्या लाटाच लाटा, आणि मधोमध एक अख्खा शर्ट, दोन्ही बाह्या पसरून टाचलेला. लाटा शर्टावरूनही गेल्या होत्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी पाण्यावर पालथं तरंगतंय.

बघणाऱ्याला तसंच वाटावं, हाच तर मंजिरीचा बेत होता.

बाळाक्का कुरणवाडीची. वय तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. पंचक्रोशीतली निम्मी बाळं तिने शिवलेल्या वाकळीत निजली होती. मंजिरी पुण्याची. नऊ वर्षांपूर्वी टाका शिकायला आली, अक्काच्या पायाशी बसली, हात सुईने रक्ताळून घेतले, पण शिकली. शिकली आणि पुढे निघून गेली. अक्काच्या वाकळी अंगावर जायच्या, मंजिरीच्या भिंतीवर.

अशा भिंतीवरच्या कलाकारांचा देशभर पसरलेला एक गट होता. दर वर्षी एक विषय जाहीर व्हायचा आणि ज्याने त्याने आपल्या डोक्यातून त्यावर क्विल्ट काढायचं. 'अग्नी' झाला, 'माहेर' झालं. 'दुष्काळ' आला तेव्हा मंजिरीने तरटाला उदबत्तीने भोकं पाडली आणि पहिला मान पटकावला. ते क्विल्ट चार शहरांतल्या गारेगार दालनांमधून फिरलं. दुष्काळी गावात तेवढं गेलं नाही. तिथल्या लोकांना दुष्काळ न बघताही माहीत होता, म्हणा.

यंदाचा विषय होता 'हरवलेलं'.

"उद्या संध्याकाळी कुरियरने पाठवायचंय," मंजिरी म्हणाली. "शेवटचा कोपरा तेवढा तुमच्यासाठी ठेवलाय."

अक्काच्या घराण्याची ती रीत होती. वाकळ उपाशी ठेवायची नाही. शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यातून भाकरीचा घास आत सारायचा आणि मग टाका घालून मिटायचा. मंजिरी शहरात राहूनही ही रीत पाळायची. खरं सांगायचं तर क्विल्टखाली लावायच्या चिठ्ठीत ती रीत फार शोभून दिसायची.

मंजिरीने पिशवीतून भाकरीचा तुकडा काढून पुढे केला.

अक्काने तो घेतला नाही. तिने हात लांब केला आणि शर्टाच्या खिशावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हिचं पोट भरलंय," अक्का म्हणाली.

"कशानं?"

"ह्यो शर्ट कुटं गावला तुला?"

मंजिरीला वाटलं, चला, म्हातारी बोलायला लागली. तिने उत्साहाने सांगितलं. श्रावणात पूर ओसरल्यावर ती मदतीच्या टेम्पोबरोबर इथेच आली होती. शाळेच्या पटांगणात चिखलाने माखलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता. त्यातून तिने शर्ट उचलला. धुतला नाही. चिखलाचा डाग तसाच राखला.

"डागामुळेच तर खरा वाटतो," ती म्हणाली.

"इचारलंस कुणाला?"

"कुणाचेच नव्हते ते कपडे, अक्का. तसेच पडले होते."

"कुणाचंच न्हाई, असं कापड म्या अजून बघितलं न्हाई."

मंजिरी हसली. अक्काचं असं काही ऐकलं की ती वहीत टिपून ठेवायची. आत्ताही तिचा हात पिशवीकडे गेला.

"ऱ्हाऊ दे वही," अक्का म्हणाली. "परसात जा. शेवंताला हाक मार."

शेवंता परसातल्या छपरात राहत होती. तिचं घर पुरात गेलं होतं, तेव्हापासून अक्कानेच तिला ठेवून घेतलं होतं. मंजिरीने हाक मारली तशी ती पदराला हात पुसत ओसरीवर आली, खाली बघितलं, आणि...

रडली नाही. ओरडली नाही. हळूच खाली बसली आणि खिशाच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

खिसा लाल दोऱ्याने शिवलेला होता. निळ्या शर्टाला लाल दोरा. मंजिरीने तो मुद्दाम दिसेल असा ठेवला होता. रंगसंगतीत तो फार बोलतो, असं तिचं मत होतं.

"निळा दोरा सरला हुता," शेवंता म्हणाली. "अक्काकडनं लाल नेला. भरत म्हणाला, आयं, पोरं हसतील. म्हटलं, हसूदेत."

मंजिरीने तिच्याकडे बघितलं.

"भरत म्हणजे..."

"माझा ल्योक. बाविशीचा हुता. म्हस सोडवाय गेला. म्हस आली माघारी."

परसातून कोंबड्यांचा आवाज येत होता.

मग अक्काने सांगितलं. सांगितलं म्हणजे चार वाक्यं. भरतचं प्रेत सापडलं नाही. अशा वेळी गवताचा पुतळा करतात, त्याला माणसाचं वापरलेलं कापड घालतात आणि अग्नी देतात. शेवंताच्या घरातलं एकूण एक कापड वाहून गेलं होतं. भावकीने दुसऱ्याचा शर्ट देऊ केला, शेवंताने घेतला नाही.

"दुसऱ्याच्या कापडात माझं पोर जळायचं न्हाई," शेवंता म्हणाली. मग मंजिरीकडे वळली. "निघंल का ओ, बाई?"

मंजिरीने क्विल्टकडे बघितलं. सात महिने. एकेका लाटेला दोन-दोन दिवस. शर्ट वर नुसता चिकटवलेला नव्हता, सगळ्या थरांतून आरपार टाचलेला होता. तो काढायचा म्हणजे सगळं पाणी उसवायचं.

"निघेल ना," ती म्हणाली. "निघेल. पण प्रदर्शन झालं की. चारच महिन्यांचा प्रश्न आहे. मी स्वतः आणून देते, शब्द देते."

"सात म्हैनं झालं त्येला थांबून."

"मावशी, ऐका माझं. हे हजारो लोक बघतील. खाली त्याचं नाव लिहीन मी. भरतचं नाव राहील."

"नाव हाय की माझ्याजवळ," शेवंता म्हणाली. "नाव नव्हतं गेलं व्हाऊन."

मंजिरीचा तोल सुटला. असं व्हायला नको होतं, पण झालं.

"अहो, जाळून टाकणार तुम्ही तो! राख होईल त्याची. इथे तो शंभर वर्षं टिकेल!"

"व्हय," शेवंता म्हणाली. "जाळायलाच पायजे, बाई."

तिने आणखी काही मागितलं नाही. भांडली असती, शिव्याशाप दिले असते, तर मंजिरीला सोपं गेलं असतं. चार शब्द उलटे ऐकवून गाडीत बसता आलं असतं. पण शेवंता "बरं" म्हणाली आणि उठून परसात गेली. आयुष्यभर तिला कुणी ना कुणी थांब म्हणत आलं असावं, आणि ती थांबत आली असावी.

अक्काने आपल्या सुईत दोरा ओवला. एका दमात ओवला, चष्म्याशिवाय. मग भाकरीचा तुकडा उचलून मंजिरीच्या एका हातात दिला आणि सुई दुसऱ्या हातात.

"मीट कोपरा."

"मी?"

"तुझी वाकळ. तूच मीट. उद्या धाडायची हाय न्हवं?"

मंजिरीने कोपरा हातात घेतला. ओसरीवरून परसाचं दार सरळ दिसत होतं. शेवंता जेवायला बसत होती. तिने दोन ताटं मांडली. दोन्हींत भाकरी ठेवली, दोन्हींत कालवण वाढलं. एकासमोर स्वतः बसली. दुसऱ्यासमोर कुणी नव्हतं.

शेवंता जेवली. अर्धी भाकरी खाऊन उठली. मग दुसरं ताट उचललं आणि गाईपुढे नेऊन ठेवलं. रोजच्या सवयीचं काम असावं तसं केलं.

"अग्नी दिल्याबिगर ताट बंद करता येत न्हाई," अक्का म्हणाली.

मंजिरीच्या हातातली सुई कापडात शिरेना. तिने एकदा लावून बघितली, दोनदा लावून बघितली. आपल्याच हाताचा तिला राग आला. नऊ वर्षांत हा हात असा कधी अडला नव्हता.

"अक्का, तुम्ही सांगा ना मला. काढ म्हणा. तुम्ही म्हणालात तर काढते."

अक्काने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

...

दुपार कलली तेव्हा मंजिरीने कात्री घेतली.

पहिला टाका कापताना तिला रडू फुटलं. ते भरतसाठी नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती रडत होती स्वतःच्या सात महिन्यांसाठी, उद्याच्या कुरियरसाठी, हातून गेलेल्या मानासाठी. तरी ती कापत राहिली. एक लाट सुटली, दुसरी सुटली. दोऱ्यांचे तुकडे मांडीवर साचत गेले. अक्काने हात लावला नाही. पाणी हवं का, एवढंही विचारलं नाही.

हळूहळू शर्टाची कॉलर मोकळी झाली. मग एक बाही. मग दुसरी. मोकळ्या झालेल्या कापडातून नदीच्या गाळाचा वास आला. हा वास आपल्याला सात महिन्यांत एकदाही कसा आला नाही, याचंच मंजिरीला नवल वाटलं.

उन्हं उतरली तेव्हा शर्ट सुटून तिच्या हातात आला. माणसाचा शर्ट, साधा, खांद्याला किंचित उसवलेला. आता त्यात कला-बिला काही उरली नव्हती.

ती तो घेऊन स्वतः परसात गेली. शेवंताने दोन्ही हात पुढे केले, शर्ट घेतला, घडी घातली, छातीशी धरला.

"उद्याच करते," ती म्हणाली. "भावकीला सांगून येते."

मंजिरीला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागायची होती, असं म्हणू. शेवंता ते ऐकायला थांबली नाही. शर्ट घेऊन कुंपणाच्या फाटकातून बाहेर पडली आणि वस्तीच्या वाटेला लागली. सात महिन्यांत पहिल्यांदाच तिला घाई झाली होती.

मंजिरी ओसरीवर परतली. अंग हलकं वाटत होतं. आपण एक मोठी गोष्ट केली, असं कुठेतरी आत गोड वाटत होतं. कुणाला वाटणार नाही?

मग तिची नजर वाकळीवर पडली.

मधोमध शर्टाएवढी जागा रिकामी झाली होती. शर्टाखालचं कापड उजेडाविना राहिलेलं, भोवतालपेक्षा गडद. दोन बाह्या, कॉलर, सगळा आकार जसाच्या तसा. आत सुईची हजारो बारीक छिद्रं. भोवती अर्धवट तुटलेल्या लाटा, आणि मध्ये कुणीच नाही.

तिने मागे सरून बघितलं, डावीकडून बघितलं, उंबऱ्यावर उभं राहून बघितलं. हातातलं गेलं म्हणून ती दुपारभर रडत होती, आणि हे तर त्याहून किती तरी वरचढ होतं! असं करायचं ठरवून कुणाला जन्मात जमलं नसतं.

"अक्का!" ती जवळजवळ ओरडलीच. "अक्का, बघा ना इकडे! हेच! 'हरवलेलं' ते हेच! मी उगाच शर्ट घालून बसले होते. असंच पाठवते. एक टाकाही घालत नाही. असंच..."

तिने फोन काढला होता. उजेड जायच्या आत फोटो हवा होता. ती गुडघ्यांवर बसली, वाकली, रिकामी जागा चौकटीत नीट बसवू लागली.

बाळाक्का भिंतीचा आधार घेत उठली. सावकाश चालत आली. वाकळीचं एक टोक धरलं, मग दुसरं, आणि मंजिरीच्या डोळ्यांदेखत तिची चौघडी घातली. रिकामी जागा आतल्या बाजूला गेली.

"अक्का, हे काय करताय?"

अक्काने वाकळ काखेत मारली. परसाच्या दाराकडे, शेवंताच्या छपराकडे बघितलं.

"पोरगं दिलंस तिला माघारी. चांगलं केलंस..." ती म्हणाली. "आता त्येची रिकामी जागा बी तिचीच हाय."